पॅकेज पस्तीस हजारांचं, हातात तीस: पगारपत्रक वाचायचं कसं?

धुळ्याकडं लग्नाची बोलणी बसली की मुलीकडचा एखादा मामा विचारतोच, "पगार कितला से?" मुलगा पॅकेज सांगतो. दुसरा मामा त्याहून पक्का असतो. तो म्हणतो, "ते ऱ्हाऊ द्या, हातमा कितला येस?" पॅकेज आणि हातातली रक्कम यांच्यामध्ये पाच-सहा हजारांची दरी असते आणि त्या पैशांचं काय होतं, हे बहुतेक वेळा मुलालाही सांगता येत नाही. "टॅक्स कापतात" म्हणून तो मोकळा होतो.

खरं तर जळगाव, धुळे, नंदुरबारच्या एमआयडीसीत लागलेल्या बहुतेक पोरांच्या पगारातून आयकराचा एक रुपयाही कापला जात नाही. जे कापलं जातं त्यातला मोठा हिस्सा त्यांच्याच नावावर जमा होतो, निदान व्हायला हवा. म्हणून कर किती गेला यापेक्षा आपला पैसा आपल्या खात्यात पोचला का, ही चौकशी जास्त गरजेची आहे. त्यातच २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि "आता हातातला पगार कमी होणार" असे मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरू लागले. तेव्हा एकदा पगारपत्रक उघडून बसूच.

पस्तीसचे तीस होतात कसे?

वर्षाला ४ लाख २० हजारांचं पॅकेज धरू, म्हणजे महिन्याला ३५,०००. याला सीटीसी म्हणतात: तुम्हाला कामावर ठेवण्यासाठी कंपनीला येणारा एकूण खर्च. सगळा घोळ इथूनच सुरू होतो, कारण हा आकडा कंपनीच्या वहीतला आहे, तुमच्या खिशातला नाही.

या ३५,००० मधून कंपनी आधी तिच्या वाट्याचा पीएफ बाजूला काढते: १,८०० रुपये. पीएफचा प्रशासकीय खर्च आणि विम्याचा हप्ता मिळून १५०. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २२,००० असेल तर ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, साधारण १,०५८. उरले जवळपास ३२,०००. ही झाली ग्रॉस रक्कम, आणि पगारपत्रकाच्या डाव्या बाजूला हाच आकडा दिसतो: मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, प्रवास भत्ता वगैरे.

मग उजवी बाजू, म्हणजे कपात. तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००. हातात ३०,०००.

कायद्यानं मालकाला त्याच्या वाट्याचा पीएफ तुमच्या पगारातून कापता येत नाही. म्हणून तो कपातीच्या रकान्यात दिसत नाही, पॅकेजच्या आकड्यात मात्र आधीच धरलेला असतो. नोकरीचं पत्र हातात आलं की एचआरला थेट विचारावं, "ग्रॉस किती आणि खात्यात किती?" यात लाजण्यासारखं काही नाही.

मार्केट यार्डात कांदा नेणाऱ्याला हे समजायला जड जाऊ नये. भाव एक पुकारतात आणि हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीवर रक्कम दुसरीच येते. फरक इतकाच की हमाली गेली ती गेली. पगारातून कापलेल्या १,८०० चं तसं नाही.

"पीएफ नकोच, पैसे हातात द्या"

ही मागणी मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की तिचं उत्तर जरा सविस्तर देतो.

पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के तुम्ही भरता, तेवढेच मालक भरतो. कायद्याची सक्ती १५,००० रुपयांच्या वेतनापर्यंत आहे, म्हणून पुष्कळ कंपन्या १५,००० चे १२ टक्के, म्हणजे १,८०० वरच थांबतात. तुमचे १,८०० आणि मालकाचे १,८०० मिळून महिन्याला ३,६०० होतात. २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. त्या काळात मोठ्या बँकांची मुदत ठेव एवढं देत नव्हती.

पासबुक उघडल्यावर मात्र पुष्कळांना धक्का बसतो. मालकाचे १,८०० कुठेत? तिथं तर ५५० च दिसतात! पैसे कुणी खाल्लेले नाहीत. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, म्हणजे १५,००० वर १,२५० रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि ते वेगळ्या रकान्यात असतात. दहा वर्षं सेवा भरली की ५८ व्या वर्षापासून पेन्शन. सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्या आणि तेव्हाच १५,००० पेक्षा जास्त मूळ पगार असलेल्या माणसाला ही पेन्शन योजना नाही. त्याच्या बाबतीत मालकाचे पूर्ण १,८०० पीएफमध्येच जायला हवेत. आपल्या उदाहरणातला मुलगा पहिल्याच नोकरीत असेल तर तो यातच बसतो.

दुसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. पीएफ खात्यासोबत जीवन विमा येतो. नोकरीत असताना माणूस गेला तर वारसाला ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. त्याचा हप्ता मालक भरतो, तुमच्या पगारातून काही जात नाही. पण वारसाचं नाव नोंदवलेलं नसेल तर घरच्यांना कागदपत्रांसाठी किती खेटे घालावे लागतात, ते ज्यांच्यावर वेळ आली त्यांना विचारा. लग्न झालं की नॉमिनी पुन्हा भरावा लागतो; आधी आईवडिलांचं नाव लावलेलं असेल तर ते लग्नानंतर चालत नाही.

नोकरी सोडली की लगेच पीएफ काढून मोटरसायकल घ्यायची, हा आपल्याकडचा रिवाजच झालाय. सलग पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागू शकतो, आणि रक्कम ५०,००० च्या वर असेल तर देतानाच टीडीएस, म्हणजे पैसे हातात यायच्या आधीच घेतला जाणारा कर, कापतात. त्यापेक्षा जुनं खातं नव्या नोकरीत वर्ग करावं. यूएएन हा पीएफचा बारा आकडी नंबर आयुष्यभर एकच असतो. जळगावहून चाकणला गेलात किंवा सुरतला, तरी तोच.

रेल्वे, जिल्हा परिषद इथल्या लोकांच्या पगारपत्रकावर शीर्षकं वेगळी दिसतील, एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) किंवा जीपीएफ (सरकारी नोकरांचा भविष्य निर्वाह निधी) अशी. वाचायची रीत तीच.

नव्या संहितेनं पगार कमी होणार का?

काहींचा होऊ शकतो, पण मेसेजमध्ये सांगतात तसा सरसकट सगळ्यांचा नाही.

जुने २९ कायदे गुंडाळून आलेल्या चार संहितांपैकी वेतन संहितेत 'वेतन' कशाला म्हणायचं हे ठरवलंय. मूळ पगार आणि महागाई भत्ता हे वेतन. घरभाडं, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम वगैरे वेतनाबाहेर. पण वेतनाबाहेरच्या या गोष्टी एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात धरायचा. काही कंपन्या मूळ पगार मुद्दाम बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत दाखवायच्या, त्यावर हा उपाय.

समजा ३०,००० पैकी मूळ पगार फक्त ९,००० आणि २१,००० चे असे भत्ते. पीएफ कापला जायचा ९,००० वर, म्हणजे १,०८०. आता वेतन धरलं जाईल १५,००० आणि पीएफ होईल १,८००. हातातले ७२० रुपये कमी. पॅकेजचा आकडा बांधलेला असेल तर मालकाच्या वाट्याचे वाढीव ७२० सुद्धा त्यातूनच निघतील, म्हणजे फटका दुप्पट. हा पैसा पीएफ खात्यात दिसतो हे खरं, पण घराचा हप्ता भरणाऱ्याला त्याचा आज उपयोग नाही, हेही खरं. ज्याचा पीएफ आधीच १५,००० च्या मर्यादेवर कापला जातो, त्याच्या हातात काही फरक पडायचं कारण नाही.

पण याच बदलानं ग्रॅच्युइटी वाढते. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम: शेवटचं वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. दहा वर्षांच्या नोकरीवर ९,००० च्या हिशोबानं ५१,९२३ रुपये मिळाले असते, १५,००० च्या हिशोबानं ८६,५३८ होतात. कायम कामगाराला पाच वर्षांची अट आहे तशीच आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्यांना मात्र आता एका वर्षाच्या सेवेवरही ग्रॅच्युइटी मिळते. आणि नोकरी सुटली की देय वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचं, असंही वेतन संहिता सांगते. 'फुल अँड फायनल' साठी तीन-तीन महिने चकरा मारलेल्यांनी हे वाक्य पाठच करून ठेवावं.

२०० रुपये व्यवसाय कर आणि हजाराला साडेसात

पगारपत्रकावर पीटी म्हणून जे दिसतं तो राज्याचा व्यवसाय कर. तो १९७५ च्या कायद्यानं आला, रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली, सुकडी खाल्लेली माणसं खान्देशात अजून आहेत. त्या कामांमागच्या योजनेला पुढं शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून हातभार लागला. पुरुषांना महिन्याला १०,००० च्या वर पगार असेल तर २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. यापेक्षा जास्त घेताच येत नाही, मर्यादा संविधानातच आहे.

स्त्रियांना २५,००० पर्यंत हा कर नाही. २२,००० पगार असलेल्या एखादीच्या पावतीवर २०० ची कपात दिसली तर ती चूक आहे, तिनं हक्कानं विचारावं.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा लागू होतो. तुमच्याकडून हजाराला साडेसात रुपये, मालकाकडून साडेबत्तीस. बदल्यात घरच्यांसह उपचार, आणि आजारपणाची रजा लागली तर ठरावीक अटींवर वेतनाच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. पगार वाढून २१,००० च्या वर गेला तरी कार्ड त्याच दिवशी बंद होत नाही. सप्टेंबर किंवा मार्चअखेर, जो सहामाही कालखंड चालू असेल तो संपेपर्यंत कपातही चालू राहते आणि लाभही.

बारा लाखांपर्यंत कर नाही, मग रिटर्न कशाला?

आता आयकर. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर शून्य, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्के, असं दर ४ लाखांना ५ टक्क्यांनी चढत २४ लाखांच्या वर ३० टक्के. पगारदाराला आधी ७५,००० ची सरसकट वजावट मिळते. उरलेलं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. म्हणून वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्याला कर नाही.

इथं नीट लक्ष द्या. १२ लाख करमुक्त नाहीत, त्यांच्यावरचा कर माफ आहे. करमुक्त आहेत ते ४ लाखच. म्हणून ७५,००० वजा करून उत्पन्न ४ लाखांच्या वर राहत असेल, तर भरायचा कर शून्य असला तरी रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर १,००० आणि त्यापुढं ५,००० रुपये शुल्क, कर शून्य असूनही.

या १२ लाखांत फक्त पगार मोजत नाहीत. पतसंस्थेतल्या ठेवीचं व्याज, दुकानाच्या गाळ्याचं भाडं, सगळं धरायचं. आणि शेअर विकून झालेल्या नफ्यावर जिथं वेगळ्या दरानं कर लागतो, तिथं ही माफी लागत नाही. मोबाइलवर ट्रेडिंग करणाऱ्या पोरांची चूक हमखास इथं होते.

विमा, पीपीएफ, घरभाड्याच्या पावत्या हे सगळं जुन्या पद्धतीचं. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर त्या वाटेला जायचं कारणच नाही. करच नाही, तर वाचवायचा काय? तरी फेब्रुवारी आला की एजंट "कर वाचवा" म्हणत पॉलिसी गळ्यात मारायला येतातच.

"पगार वाढला की वाढ सगळी करात जाते"

बहुतेक ठिकाणी ही अफवाच, कारण वरचा दर फक्त वरच्या रकमेला लागतो. पण एका पट्ट्यात ती चक्क खरी ठरते. समजा ७५,००० वजा जाऊन उत्पन्न १२ लाख १० हजार झालं. माफी गेली, कोष्टकानं कर झाला ६१,५००. इतका अन्याय नको म्हणून कायदा सांगतो की १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, तेवढाच कर घ्या, म्हणजे १०,०००. त्यावर ४ टक्के उपकर, ४०० रुपये. म्हणजे दहा हजारांची वाढ मिळाली आणि १०,४०० गेले! उत्पन्न साधारण १२ लाख ७० हजारांच्या पुढं सरकलं की ही विचित्र अवस्था संपते.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणारेही इथंच अडकतात. एप्रिल ते सप्टेंबर महिन्याला १ लाखानं एका ठिकाणी, ऑक्टोबर ते मार्च १ लाख २० हजारांनी दुसरीकडे. दोन्ही कंपन्या फक्त आपल्याकडचाच पगार बघतात, दोघींनाही तो पावणेतेरा लाखांच्या आत दिसतो, टीडीएस कुणीच कापत नाही. एकूण पगार मात्र झाला १३ लाख २० हजार, आणि रिटर्न भरताना ४६,८०० रुपये कर एकदम समोर येतो, वर व्याज. नव्या कंपनीला आधीच्या पगाराचा तपशील रुजू होतानाच लेखी द्यावा.

केळीचा पैसा करमुक्त, मग तो पगारात का मोजतात?

रावेर, यावल, चोपड्याकडं नोकरीही आहे आणि केळीही आहे, अशी घरं भरपूर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते उत्पन्न पगारावरचा दर ठरवताना मोजलं जातं, हे फार थोड्यांना. निव्वळ शेतीउत्पन्न, म्हणजे रोपं, ठिबक, खतं, मजुरी वजा जाऊन उरलेलं, ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर हा हिशोब लागतो.

वजावटीनंतर पगाराचं उत्पन्न १२ लाख आणि केळीतून निव्वळ ५ लाख धरा. आधी दोन्हींची बेरीज, १७ लाख, त्यावरचा कर १,४०,०००. मग शेतीचे ५ लाख अधिक करमुक्त ४ लाख, म्हणजे ९ लाखांवरचा कर ३०,०००. वजाबाकी १,१०,०००. त्यातले ६०,००० माफ. उरले ५०,०००, उपकर धरून ५२,०००. "बारा लाखांपर्यंत कर नाही" ऐकून निवांत बसलेल्याला हा आकडा झोंबतो.

पगार कमी असेल तर घाबरायचं कारण नाही. वजावटीनंतर पगाराचे सव्वाआठ लाख आणि केळीचे ३ लाख असतील तर हाच हिशोब ३७,५०० वर येतो आणि सगळा माफीत बसतो.

शेत वडिलांच्या नावावर आहे, कसतातही तेच, तर ते उत्पन्न वडिलांचं. मुलाच्या पगारात ते येत नाही. आणि शेतीउत्पन्न ५,००० च्या वर असेल तर सगळ्यात सोपा, एक नंबरचा रिटर्न फॉर्म चालत नाही. ५ लाखांच्या वर असेल तर जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, बागायती की कोरडवाहू, हेही लिहून द्यावं लागतं. तेव्हा दुसऱ्याच कुणाचं उत्पन्न शेतीच्या नावावर खपवायचा सल्ला कुणी दिला, तर सातबारा समोर ठेवून विचार करा.

कापलेला पैसा भरलाच नसेल तर?

ठेकेदाराकडच्या कामगारांची खरी तक्रार ही असते. पगारपत्रकावर दरमहा पीएफ कापलेला दिसतो आणि पासबुकात चार-चार महिने नोंद नसते. पगारपत्रक म्हणजे पैसे कापल्याचा पुरावा, भरल्याचा नव्हे. आधी उमंग ॲपवर यूएएन टाकून पासबुक पाहा. चालू महिन्याचा पैसा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे एका महिन्याची नोंद मागं असणं ठीक. दोन-तीन महिने रिकामे दिसले तर पगारपत्रकं आणि बँकेतल्या पगाराच्या नोंदी एकत्र करून पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. ठेकेदार पळाला तरी ज्या कारखान्यात तुम्ही काम केलंत, त्या मूळ मालकावर जबाबदारी येते, म्हणून गेटपास, हजेरी कार्ड जपून ठेवा. टीडीएसचंही तसंच: आयकराच्या संकेतस्थळावर २६एएस उघडला की कंपनीनं तुमच्या पॅनवर किती भरले ते दिसतं, आणि १५ जूनपर्यंत कंपनीनं देण्याच्या टीडीएस प्रमाणपत्राशी, म्हणजे आजवर ज्याला आपण फॉर्म १६ म्हणत आलो त्याच्याशी, तो आकडा जुळायला हवा.